खासदारबाईंचा शनिवार

अनया, ईशान, तुमच्या आत्याआजीइतकी राजकारणाला निरुपयोगी बाई या देशानं आजवर लोकसभेत पाठवली नसेल, आणि हिला तर दोनदा पाठवलं. तुम्ही पाठवलेला व्हिडिओ मी पाहिला. सभागृहात गदारोळ चाललाय, समोरच्या बाकावरचे एक गृहस्थ हात उगारून ओरडताहेत, आणि आत्याआजी त्यांच्याकडे मान वर करूनही न बघता शांतपणे सांगते, ‘कृपया लाइन पर बने रहिए.’ गृहस्थ चक्क गप्प बसतात. खाली लोकांनी हसणाऱ्या तोंडांची रांग लावली आहे. ईशाननं विचारलंय, आजी, ही खरंच आपली आहे का? आपलीच आहे. तुमच्या आजोबांची धाकटी बहीण, म्हणजे माझी नणंद. आणि तिनं गेल्या आठवड्यात पक्षाला कळवलं की पुढच्या निवडणुकीला ती उभी राहणार नाही. कारण वर्तमानपत्रांनी आपापल्या सोयीनं छापलं आहे. खरं कारण तुम्हाला माझ्याकडून कळावं म्हणून हे लिहायला बसले. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं, आणि मलाही. आयुष्यभर इंग्रजीच शिकवलं मी. दोन पानं लिहूनही पाहिली. पण ती बाई इंग्रजीत मावेना. तेव्हा तुमची आई वाचून दाखवील.

मी क्रमानं सांगते. मी तिला वन्सं म्हणते आणि अहो-जाहो करते, जरी ती माझ्याहून सहा वर्षांनी लहान आहे. ती मला वहिनी म्हणते आणि अगं-तुगं करते. मालवणच्या घरातली ही रीत मुलुंडच्या ब्लॉकमध्येही आमच्याबरोबर आली. मी लग्न होऊन आले तेव्हा ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून नुकतीच लागली होती. तुम्हाला एक्स्चेंज माहीत नसणार. तेव्हा परगावी फोन करायचा तर आधी नंबर नोंदवायचा, तासन् तास वाट बघायची, मग एका मोठ्या फळीसमोर बसलेली बाई दोरीसारख्या तारेनं तुमची लाइन समोरच्या लाइनला जोडून द्यायची. तीन मिनिटं झाली की तीच बाई मध्ये येऊन म्हणायची, तीन मिनिटं झाली, वाढवायचंय का? आत्याआजी वीस वर्षं ती बाई होती. पुढे थेट फोन लागायला लागले, फळ्या निघाल्या, ती घरी बसली. पण तिच्यातली ऑपरेटर काही निवृत्त झाली नाही. घरात कोणी लांबण लावली की ती नजर न उचलता म्हणे, ‘तीन मिनिटं झाली.’ तुमच्या आजोबांची आणि माझी भांडणं त्यामुळे फार आटोपशीर झाली. तिनं स्वतः लग्न केलं नाही. कारण विचारलं तर सांगायची, तीन मिनिटांत पटेल असं कोणी बोललंच नाही.

तिला चेहरे लक्षात राहत नाहीत. आवाज मात्र एकदा कानावर पडला की जन्मभर. ज्या धंद्यात चेहऱ्याशिवाय काही चालत नाही त्या धंद्यात ही अशी. नगरसेविका असताना एकदा पक्षाचे सर्वांत मोठे नेते आमच्या दारात आले. हिनं दार उघडलं, त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि सिलिंडर मागच्या दारानं आणायला सांगितलं. नेते खाकरले, तशी लगेच, ‘अय्या साहेब, तुम्ही होय, या ना.’ उलट, कोणी नाव न सांगता फोनवर शिव्या घालायला लागला की ती शेवटपर्यंत ऐकून घ्यायची आणि विचारायची, ‘रमाकांत, आईचा गुडघा कसा आहे आता?’ पलीकडे फोन ठेवल्याचा आवाज. दोन दिवसांनी रमाकांत आईला घेऊन हजर.

राजकारणात ती आली तीही माझ्यामुळे, म्हणजे मी नाही म्हणाले म्हणून. आमचा वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला होता. पक्षाची माणसं सकाळीच आली आणि तुमच्या आजोबांना म्हणाली, वहिनींना उभं करा, त्या इंग्रजी बोलतात. मी म्हटलं, मला दहावीचे पेपर तपासायचे आहेत. स्वयंपाकघरातून कुकरचं झाकण हातात घेऊन वन्सं बाहेर आल्या आणि म्हणाल्या, ‘मी मोकळी आहे.’ एवढ्या तीन शब्दांवर तिची कारकीर्द सुरू झाली. लोकसभेचं तिकीटही तिला असंच मिळालं. मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत दोन जबरदस्त पुढारी तिकिटासाठी एकमेकांना पाण्यात बघत होते. शेवटी वरून विचारणा झाली, तुम्हा दोघांनाही जिचा राग येत नाही अशी कोणी आहे का?

भाषण म्हणाल तर ती ध्वनिक्षेपकासमोर उभी राहून एकाच माणसाच्या कानात बोलल्यासारखी बोले, हळू आणि स्पष्ट. मैदानातली माणसं आपापसांत ‘ए, गप ना यार’ म्हणत आपणहून शांत व्हायची. तीन मिनिटं झाली की वाक्य अर्धं असलं तरी ती खाली बसे. लोकसभेत बोलायला वेळ कमी मिळतो म्हणून सगळे खासदार कुरकुरतात. ही एकटीच अशी, जिला तो पुरून उरतो. आश्वासन ती देत नसे. ‘करते’ हा शब्द तिच्या तोंडात नव्हताच. ती म्हणायची ‘जोडून देते’. पाणी येत नाही अशी तक्रार घेऊन माणूस आला की ती पाणीखात्याच्या अभियंत्याला फोन लावायची, तक्रारदाराच्या हातात फोन द्यायची आणि स्वतः खोलीबाहेर जायची. जोडून दिलं की आपला कान काढून घ्यायचा, हा त्यांच्या एक्स्चेंजचा धर्म होता. मी एकदा म्हटलं, अहो, निदान ऐका तरी काय ठरतंय ते. तर म्हणाली, ‘वहिनी, लोकांचं बोलणं चोरून ऐकणारी ऑपरेटर मी नाही.’ पक्षातल्या दोन भांडखोरांनाही तिनं असंच एका खोलीत जोडून दिलं आणि दाराबाहेर खुर्ची टाकून लसूण सोलत बसली.

दिल्लीचं घर तिला लाभलं नाही. गच्चीत तिनं सांडगे घातले, सुरक्षारक्षकाला राखणीला बसवलं आणि सभागृहात गेली. परत आली तर माकडांची टोळी जेवून हात पुसत होती. त्या दिवशी देशाच्या राजधानीत अस्सल मालवणी ऐकू आली. रक्षक हरियाणाकडचा, त्याला अक्षर कळलं नाही, पण सगळं आपल्यालाच आहे असं समजून तो सावधान उभा राहिला. पुढे तिनं त्याची समजूत घातली, त्याच्या आवाजातली सर्दी ओळखून काढा करून दिला, आणि मग तो तिच्याशिवाय कोणाचं ऐकेना. पण हे सगळं गमतीचं झालं. आता शनिवारचं सांगते, कारण तिची सगळी खासदारकी मला विचाराल तर त्या एका वारात आहे.

आपल्या भागात रुळांच्या पलीकडे एक वस्ती आहे. शाळा अलीकडे. गाडीरस्त्यानं वळसा घालून यायचं तर पाऊण तास, रूळ ओलांडले तर पाच मिनिटं. तेव्हा मुलं रूळ ओलांडूनच येत. वस्तीतल्या बायकांनी आपसांत वार वाटून घेतले होते. ज्या बाईचा वार, तिनं सकाळी पावणेसातला रुळांशी उभं राहायचं, दोन्ही बाजूंचा कानोसा घ्यायचा, मुलांनी एकमेकांचे हात धरायचे आणि तिनं ‘चला’ म्हटल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. शाळा सुटताना पुन्हा तेच. वर्षानुवर्षं. तीन-चार घरांतली माणसं त्या रुळांवर गेली होती, म्हणून ही व्यवस्था. पूल मंजूर झाला होता, पण कागदावर. एक कार्यालय म्हणे जमीन आमची नाही, दुसरं म्हणे जमीन आमची आहे पण पूल आमचा नाही.

लोकसभेच्या पहिल्या निवडणुकीच्या प्रचाराला आत्याआजी त्या वस्तीत गेली. बायकांच्या पुढे सुलोचना कांबळे होत्या. मूळच्या जालन्याकडच्या, इथे एका कंपनीत साफसफाईच्या सुपरवायझर. त्यांनी सरळ विचारलं, ‘मत मागायला सगळे येतात, मॅडम. आमच्याकडे शनिवारची बाई गावाला गेली कायमची. शनिवार घेता का?’ बरोबरची माणसं हसली. आत्याआजी हसली नाही. म्हणाली, ‘घेतला. पूल होईपर्यंत शनिवार माझा. आणि पूल झाल्याशिवाय या वस्तीत मी पुन्हा मत मागणार नाही.’ प्रचाराचं काम बघणारे गिरीश परब मला नंतर म्हणाले, वहिनी, वाट लागली. पहिलं वाक्य चाललं असतं, दुसरं बोलायची गरज होती का?

ती निवडून आली आणि शनिवार तिनं पाळला. शुक्रवारी लोकसभा उठली की संध्याकाळच्या विमानानं घरी, सकाळी सहाला चहा, पावणेसातला रुळांशी. अधिवेशन नसलं की सोपंच. पहिले काही आठवडे फोटो काढायला लोक आले. मग त्यांनाही एवढं लवकर उठवेना. मुलं तिला खासदार वगैरे काही समजत नसत. ती त्यांची ‘शनिवारची आजी’. रुळांशी उभी राहून ती डोळे मिटे आणि सांगे, ‘आली. धीमी आहे. अजून वेळ आहे.’ आणि बराच वेळ गेल्यावर गाडी दिसे. बायका म्हणायच्या, बाकीच्या वारी भीती वाटते, शनिवारी नाही वाटत.

पाच वर्षांत पुलाचे दोन खांब उभे राहिले. नुसते खांब. आणि पुन्हा निवडणूक आली. या वेळी लढत चुरशीची होती, आणि त्या वस्तीतल्या मतांवर जागा राहणार की जाणार हे ठरेल असं परब बोटांवर मोजून सांगत होते. आत्याआजी सगळीकडे हिंडली. वस्तीच्या तोंडाशी आली की गाडी वळवायला लावायची. परबांनी समजावलं, रागावले, एकदा रडलेही. तिचं उत्तर एकच, ‘पूल झालाय का? मग कशाला जायचं?’ मतदान सोमवारी होतं. प्रचाराचा शेवटचा दिवस शनिवार. आणि शनिवार तिचा.

मी त्या दिवशी गाडीत होते, म्हणून पुढचं डोळ्यांनी पाहिलं आहे. वस्तीजवळ येताच तिनं गाडीवरचा भोंगा बंद करायला लावला, गळ्यातलं पक्षाचं उपरणं काढून माझ्या मांडीवर ठेवलं आणि चालत रुळांशी गेली. परब मला म्हणाले, ‘वहिनी, नुसते हात जोडायला सांगा ना त्यांना. हात जोडले म्हणजे मत मागितलं असं थोडंच आहे?’ पण ती हात जोडणार नव्हतीच, आपला आवाजही प्रचार ठरेल म्हणून तिनं त्या दिवशी तोंडच मिटून घेतलं होतं. बायका चिडवत होत्या, आज ताईंची बॅटरी उतरली. शेजारी मुलं हात धरून उभी. तिनं नेहमीसारखे डोळे मिटले, ऐकलं, उघडले आणि हातानं खूण केली, चला.

गाडी येत होती. मला दिसत होती. तिला ऐकू आली नव्हती.

सुलोचनाबाई कामाला निघाल्या होत्या, त्या मागेच होत्या म्हणून. त्यांनी ‘मागं’ एवढंच म्हटलं आणि एका हातानं पहिल्या मुलीची वेणी, दुसऱ्या हातानं खासदारबाईंचा पदर धरून ओढला. हात धरलेली सगळी रांग खडीवर बसली. गाडी गेली. कोणाला काही झालं नाही. एका मुलाची चप्पल गेली, त्याला तिचंच वाईट वाटत होतं. सुलोचनाबाईंनी मुलांना उठवलं, स्वतः कानोसा घेतला, पलीकडे शाळेच्या रस्त्याला लावलं, आणि परत येऊन आत्याआजीच्या समोर उभ्या राहिल्या. ‘ताई,’ त्या म्हणाल्या, ‘तुम्हाला ऐकू कमी येतंय. आजपासून शनिवार मी घेते. तुम्ही तिकडं दिल्लीत बघा.’

प्रचाराच्या शेवटच्या दुपारी आमचा उमेदवार घाटकोपरला कानाच्या डॉक्टरांकडे बसला होता. बाहेर परब डोकं धरून. डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही कान बरेच उतरलेत, आणि ते काही आजचं नाही. परत येताना गाडीत ती खिडकीबाहेर बघत होती. मला वाटलं निकालाची काळजी असेल. म्हटलं, वन्सं, ज्यांना द्यायचं ते मत देतील. तर म्हणाली, ‘मत नाही दिलं तरी चालेल गं, वहिनी. त्यांनी माझा शनिवार काढून घेतला.’ चाळीस वर्षांत तिला रडताना मी पाहिलं ते तेवढंच, आणि तेही तीन मिनिटांच्या आत आटोपलं.

ती निवडून आली, थोडक्यात. परब प्रत्येक केंद्रावरच्या मतांचा कागद घेऊन आले, वस्तीनं कोणाला दिलं ते त्यात दिसत होतं. तिनं कागद उलटा करून त्यांना परत दिला. ते त्यांचं खासगी आहे, म्हणाली. मग तिनं कानाची यंत्रं लावली आणि शनिवारी सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी एक उद्योग सुरू केला, जो तिच्याशिवाय कोणाला सुचला नसता. पहिल्या कार्यालयाच्या साहेबांना घरी फोन लावायचा. दुसऱ्या कार्यालयाच्या साहेबांना त्यात जोडायचं. तिसरा फोन रुळांशी उभ्या सुलोचनाबाईंना. ‘नमस्कार, जोडून देते,’ एवढं म्हणून फोन ओट्यावर ठेवायचा आणि आपण चहा टाकायचा. ती ऐकत नव्हती आणि मलाही ऐकू देत नव्हती. पलीकडे दोन साहेब अंथरुणात बसून गाडीची धडधड, ‘बंटी, हात सोडू नको’, ‘थांबा गं, दुसरी येतेय’ हे सगळं ऐकत. फोन ठेवता येत होता की, कोणी अडवलं होतं? पण खासदारांचा फोन ठेवायचा कसा, या विचारात मुलं पार व्हायची. पक्षाकडे तक्रार गेली की बाई शनिवारी झोपू देत नाहीत. पक्षानं विचारलं, तर म्हणाली, मी तर एक शब्दही बोलत नाही.

पुलाच्या उद्घाटनाला त्यातले एक साहेब मला भेटले. हसत म्हणाले, माझी बायको फोन स्पीकरवर ठेवायला लावायची हो. एका शनिवारी मी गावाला होतो तर फोन करून मला विचारते, आज पोरं पोचली का? ज्या जागेबद्दल वर्षानुवर्षं पत्रं लिहिली जात होती तिच्याबद्दल दोन साहेब एकमेकांशी थेट बोलले, ते असे, शनिवारी, अर्धवट झोपेत. दुसऱ्या खासदारकीचं दुसरं वर्ष संपायच्या आत पूल उभा राहिला.

उद्घाटन मंत्र्यांनी केलं. दगडावर बऱ्याच पुरुषांची नावं आहेत, तिचं शेवटून दुसरं. त्या गर्दीत तिला दोन्ही साहेब ओळखू आले नाहीत. चेहरे कधीच कळत नव्हते, आणि आता आवाजही सगळे एकसारखे लागतात. तिनं ठेकेदाराचे दोन्ही हात धरून त्याचे इतके आभार मानले की तो बिचारा घाबरला. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, सोमवारची बाई सवयीनं पावणेसातला खाली आली आणि रुळांशी जाऊन उभी राहिली. मुलं वरून गेली. तिला ओरडून हाक मारावी लागली, काकू, आम्ही वर आहोत.

आता तिनं उभं न राहण्याचं ठरवलं आहे. मी विचारलं, कान काय, लोकसभेत ऐकू न येणारे बरेच असतील की. म्हणाली, ‘असतील. पण त्यांना ते माहीत नाही. मला सुलोचनानं सांगितलंय.’ मुदत संपेपर्यंत ती दिल्लीला जाईल, मग मुलुंडला येईल. तिची खोली मी रंगवून घेतली आहे. इथे तिच्या नावाचा चौक नाही, संस्था नाही, कार्यालयाची पाटीसुद्धा पुढच्या माणसाची लागेल. रुळांवरचा पूल आहे. रोज सकाळी त्यावरून मुलं शाळेत जातात, कोणाचाही हात न धरता, आपसांत मारामाऱ्या करत.